गायकवाडबाईंची गांडुळं

आधीच सांगून टाकते, मला गांडूळ आवडत नाही. आजही नाही. मोरीत एखादं वळवळताना दिसलं की मी पाय वर घेते आणि शेजारणीला हाक मारते. ज्या बाईंनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मला वर्षानुवर्षं गांडूळपुराण ऐकवलं, त्यांच्याबद्दलच मी आज इतक्या मायेनं लिहायला बसावं, ही गंमतच म्हणायची. पण गायकवाडबाई होत्याच तशा. त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती.

चौक गावातल्या आमच्या हायस्कूलात त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला अगदी चिकटून. एका अंगाला गॅरेजं, दुसऱ्या अंगाला धाबे, आणि दिवसभर ट्रकांचे भोंगे. ट्रक गेला की मी कविता मधेच थांबवायची. गायकवाडबाई थांबत नसत. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज भोंग्याला मागे सारून यायचा, “गांडुळाला डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुस नाही! मग ते जगतं कशावर? बोला रं!” माझ्या वर्गातली पोरं कविता सोडून उत्तर द्यायची. मी चिडायची, पण कोणावर चिडणार?

अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत. सुती पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, आणि नखांत कायम माती. मुलं त्यांना पाठीमागे ‘गांडूळबाई’ म्हणत. एकदा एका पोरानं चुकून तोंडावरच म्हटलं आणि बिचारं पांढरंफटक पडलं. बाई म्हणाल्या, “अरे घाबरतोस काय? मागच्या बाईंना तुम्ही पाल म्हणायचात. माझी बढतीच केलीत की.” वर्ग पोट फुटेस्तोवर हसला.

एकदा हेडमास्तरांनी भीतभीत सुचवलं, “बाई, आपण मुलांची नखं तपासतो, तेव्हा शिक्षकांनीही जरा...” बाईंनी दोन्ही हात त्यांच्या टेबलावर पसरले. “साहेब, नीट बघा. ही घाण नाही, माती आहे. हिच्यातूनच तुमचा सकाळचा भात आला.” हेडमास्तरांनी नख हा विषय पुन्हा काढला नाही.

आणि त्यांचं ते पालुपद, “खणून बघितलं का?” कोणी म्हणालं, नववीची पोरं गणितात कच्ची आहेत, की बाई विचारणार, “खणून बघितलं का? कुठपासून कच्ची आहेत?” शिपायाची बायको माहेरी निघून गेली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी शिपायाला दोष दिला. बाईंनी त्याला बोलावलं, चहा पाजला, तासभर ‘खणला’ आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “सासू.” दुसऱ्या दिवशी स्वतः त्या सासूला जाऊन भेटल्या. आठवड्यात बायको परत आली. सासूला त्या काय बोलल्या ते आम्हाला कधीच कळलं नाही. आवाजाचा अंदाज मात्र आम्ही करू शकत होतो.

माथेरानची सहल तर मी विसरूच शकत नाही. मुलं एकेका पॉइंटवर जाऊन दऱ्या बघताहेत, आरोळ्या मारताहेत, मी कठड्याला धरून त्यांची डोकी मोजतेय, आणि बाई कुठं? बाई वाटेतच लाल मातीत उकिडव्या. गांडुळांनी वर काढून टाकलेल्या मातीच्या बारीक बारीक गोळ्या निरखत बसलेल्या. मागून घोडा येतोय याची शुद्ध नाही. घोडेवाला वैतागून ओरडला, “ओ बाई, व्ह्यू तिकडं हाय!” बाई वर न बघता म्हणाल्या, “तुझा तिकडं, माझा इथं. घोडा बाजूनं ने.” आणि त्यानं मुकाट्यानं घोडा बाजूनं नेला हो!

हे सगळं झालं त्यांचं हसतंखेळतं रूप. त्यांचं खरं पाणी मी पाहिलं ते त्यांच्या वडिलांच्या जमिनीच्या वेळी.

बाईंचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, रेल्वेत गँगमन होते. सगळा जन्म कर्जतच्या घाटात रूळ ठोकण्यात गेला. छप्पन सालच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेलं घर. आबांच्या बापानं, आज्यानं दुसऱ्यांच्या भातखाचरात राबून हाडं झिजवली, पण स्वतःच्या नावावर वीतभर जमीन कधी झाली नव्हती. निवृत्त झाल्यावर आबांनी फंडातून लोधिवलीच्या बाजूला, नाल्याच्या कडेला भाताची एक पट्टी घेतली. घराण्यातली पहिली जमीन. बाई मला ती दाखवायला घेऊन गेल्या होत्या. बांधावर उभं राहून आबांनी नुसता हात फिरवला, इकडून तिकडे. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पहिली दोन पिकं झकास आली. मग भात पिवळं पडायला लागलं. आधी नाल्याच्या कडेनं, मग आत आत. रोप वाढायचं नाही, मुळं आखडलेली. भातामागून टाकलेला वाल तर धड रुजलाच नाही. आबांनी शेण घातलं, पाला घातला, पहाटेपासून राबले, काही उपयोग नाही. आणि गावाला विषय मिळाला.

सरपंच होते बाळारामदादा. पिढीजात भातशेतीवाले, आबांच्या पट्टीला लागून खालच्या अंगाला त्यांचीच खाचरं. माणूस वाईट नव्हता, पण जीभ सैल. चावडीवर बसून म्हणाले, “भाताला हात लागतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली त्यांचं काम हाय ते. जमीन घेतली म्हंजे शेतकरी व्हतो काय कोन?” पुढचं ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलं. आबांनाही कळलं. ते घरी आले आणि बाईंना म्हणाले, “सुलोचना, माज्याच हातात खोट हाय. आपल्यात नाय ते. पावसाच्या आधी इकून टाकतो.” गिऱ्हाईकही ठरलं. ते शनिवारी यायचं होतं.

बाई त्या दिवशी शाळेत आल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. मी घाबरले. गायकवाडबाई गप्प म्हणजे काहीतरी भयंकर. मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, “विमल, जमीन गेली तर जाऊ दे गं. पण आबा ‘माझ्या हातात खोट’ म्हणत मरतील. ते मी होऊ देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या खुरपं घेऊन शेतात. मला बरोबर ओढलं, नाही म्हणायची सोय नव्हती. एप्रिलचं ऊन, आणि मी छत्री धरून बांधावर. बाईंनी पहिल्यांदा उचललं ते शेण. “विमल, हे बघ. हे आबांनी गेल्या पावसाळ्याआधी टाकलेलं. वर्ष झालं. अजून तसंच्या तसं आहे.” खरंच, वाळक्या भाकरीसारखे शेणाचे तुकडे, पाल्याचे थर, सगळं जसंच्या तसं पडलेलं. “भर पावसाळा जाऊनही कुजलं नाही. म्हणजे ते खाणारं, आत ओढून नेणारं कोणीच इथं नाही.” मग नाल्याकडच्या अंगाला, जिथं अजून ओल होती, तिथं त्यांनी खणलं. एकही गांडूळ नाही. पट्टीच्या वरच्या बाजूला नाल्याच्या त्याच काठावर, तशाच ओलीत खणलं. मी किंचाळले, एवढी गांडुळं निघाली.

आणि त्या दोन जागांच्या मधे काय होतं? हमरस्त्याकडून येऊन नाल्यात मिळणारं एक गटार. त्यातलं पाणी निळसर हिरवं.

ते गटार यायचं बंपरवाल्या शेठच्या कारखान्यातून. त्याचं खरं नाव कोणाला आठवत नसेल. ट्रकांचे, गाड्यांचे गंजके बंपर तो चकचकीत करून द्यायचा. आधी लोखंडावर तांब्याचा थर, त्यावर निकल, त्यावर चकाकी. दिलदार माणूस. गावातली बरीच पोरं त्याच्याकडे कामाला. आमच्या शाळेची पितळी घंटासुद्धा त्यानं फुकट चंदेरी करून दिली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्यानं खुर्ची दिली, थंडगार सरबत दिलं आणि म्हणाला, “बाई, नुसतं धुण्याचं पाणी आहे हो ते. माझी पोरं त्यात हात घालतात रोज.”

बाईंनी तिथल्या तिथं काही वाद घातला नाही. घरी आल्या आणि आंब्याची एक लाकडी पेटी घेतली. मधे पत्रा उभा करून तिचे दोन कप्पे केले. एकात आबांच्या शेतातली माती, दुसऱ्यात नाल्याच्या वरच्या बाजूची, दोन्हींना सारखंच पाणी. मग पत्रा काढला, त्या रेघेवर मधोमध गांडुळं सोडली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा परत त्याच जागी खोचला आणि दोन्हीकडची माती उकरली. सगळी गांडुळं वरच्या बाजूच्या मातीत. आबांच्या मातीत एकही नाही.

मी नाक मुरडत का होईना, त्यांच्या स्वयंपाकघरात हे बघायला उभी होते. शेजारी एका बरणीत त्यांनी काही गांडुळं नुसत्या आबांच्याच मातीत ठेवली होती. पळायला जागाच नाही. ती बघून मात्र मला किळस वाटली नाही, दया आली. अंगं मधेच फुगलेली, मधेच दोऱ्यानं आवळल्यासारखी बारीक. बोट लावलं तरी हलायचा आळस केल्यासारखी. अंगातून पिवळसर पाणी सुटलेलं.

“त्याला फुप्फुस नाही ना,” बाई हळू आवाजात सांगत होत्या, “सगळ्या कातडीनं श्वास घेतं. आणि खातं तेही मातीच. म्हणजे मातीत जे असेल ते बाहेरून लागतं आणि आतूनही लागतं. बागेत बुरशी मारायला मोरचूद मारतात ना? त्यातलंच तांबं हे. थोडं असलं तर हे खंगतं, अंडी घालत नाही, वाढत नाही. जास्त असलं तर मरतं. पळता आलं तर मात्र आधी पळतं. त्याच्याइतकी शहाणी माणसं कमी.” मग एकदम ताठ झाल्या. “हे मी एकटीनं बघून उपयोग नाही. गावानं बघायला पाहिजे.”

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर माणसं जमली. शेठही आला, हसतमुख. बाईंनी विचार करून ठरवलं होतं की आपण स्वतः माती आणायचीच नाही, नाहीतर म्हणतील बाईनं लबाडी केली. आबांच्या शेतातली माती सरपंचांच्या देखत दोघांनी खणून आणली. दुसऱ्या कप्प्यासाठी बाई म्हणाल्या, “आता तुमच्या गावातली चांगल्यातली चांगली माती आणा. तुम्हीच निवडा.” दोन माणसं गेली आणि घमेलं भरून माती घेऊन आली. काळी, भुसभुशीत. गांडुळं सोडली, गोणपाट टाकलं, पेटी पंचायतीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली बाळारामदादांच्या करगोट्याला.

सकाळी अख्खा गाव हजर. आबा मागे खांबाला टेकून उभे. दादांनी कुलूप काढलं, बाईंनी पत्रा खोचला, माती उकरली.

गावच्या चांगल्या मातीत काही गांडुळं आखडून मेलेली. जिवंत राहिली होती ती सगळी आबांच्या मातीत!

मग जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. शेठ डोळे पुसत म्हणाला, “बाई, तुमच्या गांडुळांना तर माझंच पाणी आवडलं की!” बाळारामदादांनी मांडीवर थाप मारली. मी आबांकडे बघितलं. त्यांनी टोपी नीट केली आणि कोणाकडेही न बघता ओसरी उतरून चालायला लागले. मला इतका संताप आला होता म्हणून सांगू! त्या गांडुळांचा, त्या गावाचा, आणि खोटं कशाला बोलू, बाईंचाही. आपल्या बापाची अशी शोभा करायची काय गरज होती?

बाई मात्र पेटीवर वाकलेल्याच. त्यांनी त्या काळ्या मातीची चिमूट उचलली. बोटांत चोळली. नाकाशी नेली. मग चक्क जिभेला लावली, आणि थुंकल्या.

“ही माती कुठून आणलीत?”

“कुटून म्हंजे?” आणणारा माणूस अभिमानानं म्हणाला. “राबाची हाय! चांगल्यातली चांगली आना म्हनालात ना तुमी? राबापरास चांगली माती कंची असते?”

राब म्हणजे भाताची रोपं जिथं करतात तो तुकडा. उन्हाळ्यात त्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरतात आणि पेटवून देतात. त्या भाजलेल्या जागेत रोप जोमानं उठतं. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, चांगली माती कुठली, तो राबाकडेच बोट दाखवणार. त्या बिचाऱ्यांनी खरंच मनापासून आपली सगळ्यात लाडकी माती आणली होती. आणि राब भाजून चार दिवससुद्धा झाले नव्हते. त्या घमेल्यात अर्धी राखच होती.

बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग असा गडगडाट की हसणारे गप्प झाले. “चूक माझी! माझीच! ‘चांगली’ म्हणाले, कुठली ते म्हणाले नाही. अहो, ताजी राख आहे ही! तुमच्या ओल्या अंगाला चुलीतली राख फासली तर आग होईल की नाही? त्याचं तर अंगच सगळं ओलं. पाऊस पडून ही राख विरली की हीच माती त्याला गोड लागेल. आत्ता नाही.” मग वाटेनं जाणाऱ्या पाठीकडे बघून ओरडल्या, “आबा! मागं फिरा! अजून संपलं नाही!”

आबा थांबले. वळले नाहीत, पण थांबले.

“आता पेटी एकच नको,” बाई म्हणाल्या. “ज्याला हसायचंय त्यानं घरी जाऊन आपापली पेटी करा. एका बाजूला आबांची माती, दुसऱ्या बाजूला तुमच्या स्वतःच्या खाचरातली. राब सोडून. गांडुळं उकिरड्याशेजारी सापडतील, केळीच्या बुडाशी सापडतील. रात्रभर तुमच्याच घरात ठेवा. आणि उद्या सकाळी इथं घेऊन या. मी कशालाही हात लावणार नाही.”

आणि गावाला खुळच लागलं हो! माणसं घमेली घेऊन आबांच्या शेतावर जत्रेसारखी. कोणी आंब्याची पेटी घेतली, कोणी बिस्किटांचा डबा, एका आजीबाईनं तर जुनी परात आणि मधे झाकण. “तुजी कुटं गेली रं?” “आजून बसल्यात मदीच!” अशा आरोळ्या दिवेलागणीपर्यंत. शनिवारचं गिऱ्हाईक एका रात्रीवर येऊन ठेपलं होतं, ते आबांना, बाईंना आणि मलाच ठाऊक.

शनिवारी सकाळी ओसरीवर डब्यांची रांग लागली. बाई हात मागे बांधून उभ्या. पहिला डबा उकरला. गांडुळं मालकाच्या मातीत, आबांच्या मातीत एकही नाही. दुसरा, तसाच. आजीबाईंची परात, तशीच. एका डब्यात एखाददुसरं चुकार आबांच्या बाजूला सापडलं, तेही मरगळलेलं. प्रत्येक डब्याबरोबर लोकांचा आवाज खाली खाली येत गेला. हसणं तर केव्हाच संपलं होतं. बंपरवाला शेठ एका कडेला उभा राहून रुमालानं मान पुसत होता.

शेवटी बाळारामदादांची पेटी. त्यांनी गोणपाट उचललं, आत बघितलं, आणि झटकन परत टाकलं. पण बाईंची नजर! त्या पुढं झाल्या. दादांच्या पेटीत गांडुळं या मातीतही नव्हती आणि त्या मातीतही नव्हती. सगळी लाकडावरून वर चढून गोणपाटाच्या घड्यांत जाऊन बसली होती.

आबांच्या मातीतून पळाली होती आणि बाळारामदादांच्या मातीतूनही.

आता खरं सांगते, मी बाईंच्या जागी असते तर त्या माणसाला सोडला नसता. चावडीवरचा शब्द न् शब्द त्याच्या पदरात घातला असता. सगळं गाव कान टवकारून उभं होतं. आणि गायकवाडबाईंनी, ज्यांचा आवाज ट्रकांना भारी पडायचा, जवळ जाऊन फक्त दादांना ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं. मी शेजारी होते म्हणून मला कळलं.

“दादा, तुमच्या खालच्या खाचरात गेल्या वर्षीचं शेण कुजलं का?”

दादांनी गोणपाट पेटीवर नीट ओढलं. “नाय,” म्हणाले. “तसंच हाय. मला वाटलं शेनच वाईट निगालं.” मग घसा खाकरून, “कडंचा भात पन पिवळा व्हता औंदा. घरात बी बोललो नाय मी कोनाला.”

आणि मग त्या माणसानं जे केलं त्याबद्दल मी त्याचे सगळे शब्द माफ केले. ते उठले, माणसांमधून वाट काढत खांबापाशी गेले आणि आबांसमोर उभे राहिले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गायकवाड, खोट तुमच्या हातात नाय. माज्या तोंडात हुती. चला, दोगं मिळून जाऊ शेठकडं.”

शेठला कुठं जायचं होतं, तो तिथंच उभा! पण सगळी मिरवणूक डबे-पेट्या उचलून त्याच्या कारखान्यावर गेलीच. चकचकीत बंपरांच्या रांगेसमोर बाळारामदादांनी आपली पेटी ठेवली, तिच्याशेजारी बाकीचे डबे. शेठ कसलेला माणूस, वारा कुठून वाहतो ते ओळखलं त्यानं. “मग पाणी सोडू कुठं?” एवढंच विचारलं. बाई तयारच होत्या. “तुमच्याच जागेत पक्की टाकी बांधा. चुना घालून गाळ खाली बसवा. आणि एक थेंबसुद्धा नाल्यात नको.” तो काचकूच करायला लागला तशी त्याच्याकडे कामाला असलेली गावातली पोरंच पुढे आली, म्हणाली, “शेट, खड्डा आमी खनतो.” त्याच पोरांची खाचरं होती ना आणखी खाली!

पाऊस येण्याआधी टाकी झाली. गटार बुजवलं. आबांच्या आणि दादांच्या शेतातली वरची माती खरवडून काढली आणि ती शेठच्याच आवारात पक्क्या खड्ड्यात घातली. त्यासाठी गावातल्या बैलगाड्या ओळीनं आल्या, कोणाला हाक मारावी लागली नाही. परत जाताना त्याच गाड्या वरच्या खाचरांमधली चांगली माती आणून टाकत. आणि ते गिऱ्हाईक? ते शनिवारी दुपारी आलं होतं. आबांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, “जमीन इकायची नाय. उगाच हेलपाटा झाला तुमाला.” बाई सांगत होत्या, गेल्या वर्षभरात आबा एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

जमीन काही एका पावसात सुधारली नाही. पहिल्या वर्षी भात बेताचंच. बाई दर रविवारी खुरपं घेऊन जायच्या आणि सोमवारी स्टाफरूममध्ये निकाल जाहीर करायच्या. “नाही अजून.” “आज एक. पण बारीक.” एका सोमवारी माझ्या तपासायच्या वह्यांवर त्यांनी मुठीतून मातीच्या बारीक गोळ्या ओतल्या, गांडुळांनी वर काढलेल्या. “आबांच्या शेतातल्या!” मी किंचाळले, वह्या झटकल्या, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. हेडमास्तर दारातून बघून तसेच मागे फिरले.

मी चौक सोडलं त्या वर्षीचा पावसाळा. बदलीची ऑर्डर हातात होती, सामान बांधून झालं होतं, आणि बाईंचा निरोप घ्यायला मी लोधिवलीला गेले. लावणीचे दिवस. झिमझिम चालू. बाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात, आबा राबात बसून रोपं उपटून त्यांच्या जुड्या बांधताहेत. मी बांधावरून हाक मारणार, तेवढ्यात बाळारामदादा आले. डोक्यावर इरलं, पाय चिखलानं भरलेले. त्यांची रोपं कमी पडली होती. आबांना म्हणाले, “गायकवाड, उरतील का थोडी?”

आबांनी रोपं बांधता बांधता जुड्यांचा ढीग त्यांच्याकडे सरकवला. दादांनी त्या डोक्यावर रचल्या आणि बांधानं निघाले. तेवढ्यात पलीकडच्या खाचरातून कोणीतरी विचारलं, “दादा, रोपं कोनाची रं एवढी?”

दादा थांबलेसुद्धा नाहीत. जाता जाता ओरडून म्हणाले, “गायकवाडांची! दुसऱ्या कोनाची असतात अशी?”

बाई लावता लावता ताठ उभ्या राहिल्या. गालाला चिखल, हातात रोपांची जुडी. “आबा!” त्यांनी हाक मारली. “आबा, ऐकलंत?”

आबांनी मान वर केली नाही. पुढचं रोप उपटलं, मुळांवरची माती पाण्यात खळबळून धुतली आणि म्हणाले, “ऐकलं. तू लाव.”